फिलाडेल्फियात सापडलेली डॉक्टर

लहान मुलांना घेऊन जेजुरी चढणं आणि लहान मुलांना घेऊन अमेरिकेतलं ऐतिहासिक शहर बघणं, यात तसा फारसा फरक नाही हो! पायऱ्या चढायच्याच असतात, रांगेत उभं राहायचंच असतं आणि ऐन दर्शनाच्या वेळी धाकट्याला शू लागायचीच असते. फरक एवढाच की जेजुरीला शेजारची बाई ‘जा, मी धरते तुमची जागा’ म्हणते. तिथं पिशवीही कुणाकडे ठेवता येत नाही.

२०१८च्या जून महिन्यात आम्ही दोघं फलटणहून लेकीकडे गेलो होतो, न्यूजर्सीत एडिसनला. आमची मेघा, जावई सुजय, नात ईरा नऊ वर्षांची आणि नातू निहार पाच वर्षांचा. पोरांना सुट्टी लागली होती. जावयांनी विचारलं, “आई, बाबा, नायगारा बघायचा की वॉशिंग्टन?”

मी म्हटलं, “मला फिलाडेल्फिया बघायचंय.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आमच्या ह्यांना तर ते नाव फक्त क्रीम चीजच्या डब्यावर बघितल्याचं आठवत होतं! पण मी कॉलेजात असताना श्री. ज. जोशींची ‘आनंदी गोपाळ’ कादंबरी वाचली होती, एका रात्रीत, रॉकेलच्या चिमणीवर. तेव्हापासून हे नाव डोक्यात बसलं होतं. आपल्या कल्याणची मुलगी साडी नेसून त्या शहरात डॉक्टर झाली. एवढ्या लांब आलेच आहे, तर ती जागा डोळ्यांनी बघून यावी, एवढीच इच्छा.

जावई लगेच म्हणाले, “जाऊ की! दीड तासाचा तर रस्ता आहे. पोरांनाही इतिहास कळेल.” दोन रात्रींचं हॉटेल ठरलं.

मेघा मात्र भाजी चिरता चिरता म्हणाली, “आनंदीबाईंचं काही बघण्यासारखं नाहीये गं आई तिथं. राहू दे ना.” मला जरा लागलंच. पण गप्प बसले.

चिरा गेलेली घंटा

डब्यात दशम्या, शेंगदाण्याची चटणी, पोरांसाठी चिवडा असं सगळं घेऊन आम्ही निघालो. सकाळी नऊच्या आत पोचलो ते बरं झालं. फिलाडेल्फिया हे शहर विल्यम पेन यांनी १६८२ मध्ये वसवलं. रस्ते कसे, पाटावर रांगोळीचे ठिपके काढावेत तसे सरळ. एका बाजूच्या रस्त्यांना आकडे आणि दुसऱ्या बाजूच्या रस्त्यांना झाडांची नावं: वॉलनट, चेस्टनट, स्प्रूस, पाईन. ईराकडे नकाशा दिला आणि सांगितलं, “आज तू आमची वाटाडी.” त्याबरोबर तिची कुरकुर थांबली. मुलांना नुसतं ओढत नेलं की ती रडतात, काम दिलं की चालतात, हे फलटणात खरं तसं फिलाडेल्फियातही खरं.

पहिलं दर्शन लिबर्टी बेलचं. तिकीट नाही, फक्त बॅगा तपासतात. ही घंटा १७५१ मध्ये लंडनहून मागवली, आणि इथं आल्यावर पहिल्यांदा वाजवून बघितली तर तिला तडा गेला! मग इथल्याच दोन कारागिरांनी ती वितळवून १७५३ मध्ये पुन्हा ओतली. पुढं तिला परत चीर गेली आणि १८४६ नंतर ती कायमची मुकी झाली. वजन सुमारे साडेनऊशे किलो. एवढी मोठी घंटा, आणि वाजत नाही!

आमच्या ह्यांना ते काही पटेना. “आपल्याकडे खंडित मूर्ती देवळात ठेवत नाहीत, आणि ही माणसं चिरलेली घंटा काचेच्या घरात ठेवतात.” तेवढ्यात ईरा ओरडली, “आज्जी, पेनसिल्व्हेनियाचं स्पेलिंग चुकलंय!” खरंच, घंटेवर एक ‘एन’ कमी आहे. तिथली रेंजरबाई हसली आणि म्हणाली की त्या काळी असंही लिहायचे. ईराला एवढा आनंद झाला की विचारू नका. शाळेत तिच्याच स्पेलिंगवर लाल शाई असते ना!

त्या रेंजरबाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मी मुद्दाम वहीत लिहून घेतली. १९१५ मध्ये इथल्या बायकांनी मतदानाच्या हक्कासाठी याच घंटेसारखी दुसरी घंटा करून घेतली. तिच्या आतला लोळा साखळीनं बांधून टाकला. बायकांना मत मिळेपर्यंत घंटा वाजणार नाही, असं ठरवलं. ट्रकवर घालून ती घंटा पेनसिल्व्हेनियाच्या सगळ्या ६७ जिल्ह्यांतून फिरवली. त्या वर्षीचं मतदान त्या हरल्या. तरी साखळी सोडली नाही. १९२० मध्ये हक्क मिळाला तेव्हाच, सप्टेंबर महिन्यात, ती घंटा पहिल्यांदा वाजली.

“म्हणजे पाच वर्षं ती नुसती गप्प होती?” ईरानं विचारलं.

“गप्प नव्हती, थांबली होती,” मी म्हटलं. मेघानं माझ्याकडे बघितलं. तेव्हा मला त्या बघण्याचा अर्थ कळला नाही.

घरात नोकर नव्हे, गुलाम

घंटेच्या शेजारीच एका घराच्या नुसत्या भिंती उभ्या केल्यात. १७९० ते १८०० ही दहा वर्षं फिलाडेल्फिया अमेरिकेची राजधानी होती. पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन तेव्हा इथं राहत. त्यांच्याबरोबर या घरात नऊ गुलाम होते. आम्ही गेलो तेव्हा त्या नऊ जणांची नावं दगडावर कोरलेली बघितली. (२०२६च्या जानेवारीत इथले गुलामगिरीची माहिती देणारे फलक काढण्यात आले आणि ते प्रकरण कोर्टात गेलं, हे नंतर बातम्यांत वाचलं.)

त्यात एक नाव होतं ओना जज. वॉशिंग्टनबाईंची वेणीफणी, कपडेलत्ते बघणारी मुलगी. पेनसिल्व्हेनियाचा कायदा असा होता की बाहेरून आणलेला गुलाम सहा महिने सलग इथं राहिला तर तो मोकळा. म्हणून सहा महिने व्हायच्या आत त्यांना राज्याबाहेर फिरवून आणायचे! पुढं ओनाला कळलं की बाईंच्या नातीच्या लग्नात आपल्याला भेट म्हणून देणार आहेत. १७९६च्या मे महिन्यात घरची मंडळी जेवायला बसलेली असताना ती दारातून निघून गेली, ती परत आलीच नाही. न्यू हॅम्पशायरमध्ये राहिली, माणसं पाठवूनही हाती लागली नाही. १८४८ मध्ये वारली, तोपर्यंत मनानं मोकळी, कायद्यानं मात्र पळालेली.

ईरा गंभीर झाली. “पण त्यांनीच तर फ्रीडम आणलं ना?” तिनं बाबांना विचारलं. सुजयनं दोन मिनिटं विचार केला आणि म्हणाला, “हो. सगळ्यांसाठी नाही आणलं.” मला जावयांचं हे उत्तर आवडलं. मुलांना मोठ्या माणसांची फक्त चकचकीत बाजू दाखवली की ती पुढं आपल्यावरच विश्वास ठेवत नाहीत.

तिकीट हुकलं, पण...

समोरच इंडिपेन्डन्स हॉल. लाल विटांची देखणी इमारत. १७७६चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा इथं मंजूर झाला, १७८७ मध्ये राज्यघटनाही इथंच लिहिली गेली. पण आत सोडायला वेळेचं तिकीट लागतं आणि आम्ही घंटेपाशी रमलो, तेवढ्यात जवळच्या वेळा संपल्या. दुपारचं तिकीट मिळालं. तुम्ही गेलात तर आधी तिकिटाचं बघा, मग घंटा.

मधल्या वेळात निहारनं रस्त्यावर बसकण मारली. ऊन होतं, पाय दुखत होते. मेघा त्याला समजावून थकली. मग रेंजरांच्या ऑफिसात मुलांसाठी एक छोटी पुस्तिका मिळाली. त्यातली कोडी सोडवायची, चित्रं भरायची, आणि पूर्ण झालं की हात वर करून शपथ घ्यायची. मग ‘ज्युनिअर रेंजर’ म्हणून बिल्ला मिळतो. त्या बिल्ल्यापायी पोरगं असं उठलं की पाय दुखतात हे विसरूनच गेलं.

दुपारी बेट्सी रॉसचं घर बघितलं. अमेरिकेचा पहिला झेंडा हिनं शिवला अशी गोष्ट तिथं लहान मुलांनाही पाठ असते. खरं तर त्याचा कागदोपत्री पुरावा नाही. तिच्या नातवानं ती गोष्ट १८७० मध्ये पहिल्यांदा जाहीरपणे सांगितली. पण मला झेंड्यापेक्षा ती बाईच आवडली. तीन लग्नं, तिन्ही नवरे तिच्या आधी गेले, सात मुली झाल्या, आणि खुर्च्या-गाद्यांची कापडं शिवायचा धंदा तिनं आयुष्यभर चालवला. तिच्या वेषात बसलेली एक बाई सुईदोरा हातात घेऊन पोरांशी गप्पा मारते. निहारनं तिला विचारलं, “तुमच्याकडे शिलाई मशीन नाहीये का?”

जवळच एलफ्रेथ्स अ‍ॅली नावाचा बोळ आहे. अठराव्या शतकातली चिमुकली घरं, दगडी फरशी. मला तर पुण्यातल्या कसब्यातच आल्यासारखं वाटलं. त्यातल्या एका घरात पूर्वी कपडे शिवणाऱ्या बायका राहायच्या, तिथं आता छोटं संग्रहालय आहे. दुपारच्या वेळेला इंडिपेन्डन्स हॉलही झाला. बाहेर बाकावर बसून दशम्या खाल्ल्या. पोरांनी मात्र गाडीवरचा मिठाचा प्रेट्झेलच मागितला.

“मम्मा कुठं डॉक्टर आहे?”

रात्री हॉटेलात पोरं झोपेनात. म्हणून मी आनंदीबाईंची गोष्ट सांगायला घेतली. मूळ नाव यमुना, जन्म कल्याणचा, १८६५चा. नवव्या वर्षी लग्न. नवरा गोपाळराव जोशी पोस्टात, शिक्षणाचं वेड असलेला, पण तापट. चौदाव्या वर्षी बाळ झालं आणि दहा दिवसांत गेलं. बाईची डॉक्टर बाई असती तर ते जगलं असतं, हे तिच्या मनानं घेतलं. अमेरिकेतल्या एका मासिकात तिच्याविषयीचा मजकूर छापून आला. तो कार्पेंटर नावाच्या बाईंनी वाचला, तोही कुठं, तर दाताच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट बघताना! त्या बाईंचं गाव रोझेल, न्यूजर्सीतलंच, आमच्या मेघाच्या घरापासून अर्ध्या तासावर. १८८३च्या एप्रिलमध्ये अठरा वर्षांची आनंदी कलकत्त्याहून नवऱ्याशिवाय बोटीत बसली, आणि कार्पेंटरबाईंनी तिला पोटच्या पोरीसारखं सांभाळलं. फिलाडेल्फियात १८५० पासून खास बायकांचं मेडिकल कॉलेज होतं. तिथून ११ मार्च १८८६ रोजी ती डॉक्टर झाली. पंडिता रमाबाई त्या सोहळ्याला इंग्लंडहून आल्या होत्या.

“मग तिनं बेबीजना वाचवलं?” निहारनं विचारलं.

“नाही रे बाळा. कोल्हापूरच्या दवाखान्यात तिची नेमणूक झाली होती. पण क्षयानं आजारी पडली. २६ फेब्रुवारी १८८७ला पुण्यात गेली. बावीस वर्षंही पूर्ण नव्हती.”

मग मी अगदी सहज म्हणून गेले, “तुमच्या मम्मासारखीच डॉक्टर होती ती.”

ईरा म्हणाली, “आज्जी, मम्मा कुठं डॉक्टर आहे? मम्मा घरीच असते.”

खोलीत एकदम शांत झालं. तिचं काही चुकलं नव्हतं. तिनं आईला कधी पांढऱ्या कोटात बघितलंच नव्हतं. मेघा बाथरूममध्ये गेली, आणि नळ बराच वेळ चालू राहिला.

मैत्रिणींनो, त्या रात्री मला झोप लागली नाही. मिरजेला एमबीबीएस झालेली माझी लेक. निकालाच्या दिवशी आम्ही अख्ख्या गल्लीत पेढे वाटले होते. २००८ मध्ये लग्नानंतर ती अमेरिकेत गेली. व्हिसा असा की नवऱ्यानं कमवायचं, बायकोनं नोकरी करायची नाही. आणि इथली पदवी तिथं तशीच चालत नाही. परीक्षा द्यायच्या, मग पुन्हा रेसिडेन्सीला जागा मिळवायची. त्यातली पहिली मोठी परीक्षा तिनं २०१२ मध्ये पास केली होती. आणि त्याच वर्षी दर रविवारी फोनवर तिला कोण म्हणत होतं, “अगं, ईरा तीन वर्षांची झाली, आता दुसऱ्याचं बघा”? मीच! निहार झाला. पुस्तकं कपाटात गेली. २०१५ नंतर अशा काही जणींना नोकरीची परवानगी मिळायला लागली, तिलाही मिळाली. पण तोवर मुलांच्या शाळा, डबे, पोहण्याचे क्लास असं सगळं तिच्याभोवती बसून गेलं होतं.

फलटणात कुणी विचारलं की मी ऐटीत सांगायची, “आमची मेघा अमेरिकेत असते, डॉक्टर आहे.” दहा वर्षांत एकदाही तिला विचारलं नाही की बाई गं, तुझ्या डॉक्टरकीचं काय झालं? नातवंडांची वजनं मात्र किलो-ग्रॅममध्ये पाठ होती मला.

हृदयाच्या आत

दुसऱ्या दिवशी फ्रँकलिन इन्स्टिट्यूट. १८२४ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचं विज्ञानाचं संग्रहालय आहे, आणि मुलांना घेऊन जाणार असाल तर हे चुकवू नका. तिथं एक माणसाचं हृदय आहे, दोन मजली! २२० फूट उंच माणूस असेल तर त्याच्या छातीत बसेल एवढं. आपण त्याच्या आत शिरायचं आणि रक्त ज्या वाटेनं जातं त्या वाटेनं चालायचं. धडधड आवाज चालू असतो. १९५४ मध्ये मिल्ड्रेड फायफर नावाच्या डॉक्टरबाईंच्या कल्पनेतून ते झालं. सहा महिन्यांपुरतं ठेवायचं म्हणून केलेलं, ते अजून आहे.

मेघा पोरांना घेऊन आत शिरली, मी मागं. जिने अरुंद, आमचे हे गुडघ्यांमुळं बाहेरच बाकावर. आत गेल्यावर निहार घाबरला. मेघानं त्याचा हात धरला आणि मराठी-इंग्रजी मिसळून सांगायला लागली, “बघ, आता तू रक्ताचा थेंब आहेस. सगळ्या अंगाला ऑक्सिजन वाटून दमून आलायस. हा उजवा कप्पा. आता हा दरवाजा उघडेल, पण परत मागं जायचं नाही हं, ही झडप आहे. मागं गेलास तर डॉक्टरांना आवाज वेगळा येतो.” फुप्फुसात नेलं, तिथं थांबून श्वास घ्यायला लावला. डाव्या बाजूला आणलं. “ही भिंत जाड का? कारण इथून थेट तुझ्या पायाच्या अंगठ्यापर्यंत ढकलायचंय.”

बोलता बोलता ती कधी नुसत्या इंग्रजीत गेली ते तिलाही कळलं नाही. मागून आलेली दोन अनोळखी मुलं थांबली, त्यांची आई थांबली. एका आजोबांनी विचारलं, झडप बदलतात म्हणजे नेमकं काय करतात? मेघानं सांगितलं, न अडखळता, हाताच्या बोटांनी झडपेची उघडझाप करून. तिचा आवाज बदलला होता. हा आवाज मी ओळखत होते. फायनल इयरला असताना सुट्टीत घरी आली की शेजारच्या काकूंना ब्लड प्रेशर समजावून सांगायची, तेव्हाचा तो आवाज.

बाहेर आल्यावर त्या मुलांच्या आईनं तिला विचारलं, “तुम्ही डॉक्टर आहात का?”

मेघा काही बोलायच्या आत ईरा म्हणाली, “येस. शी इज.”

रस्त्यावरचं ते ऑफिस

गाडीत बसल्यावर मेघाच म्हणाली, “चल आई, तुझ्या आनंदीबाईंकडे जाऊ.”

उत्तरेला नॉर्थ कॉलेज अ‍ॅव्हेन्यूवर गेलो. मेघाचं म्हणणं खरं होतं. बघण्यासारखं तिथं काही नाही. ते कॉलेज १९३० मध्येच दुसरीकडे हललं, पुढं १९७०च्या सुमारास मुलांनाही प्रवेश मिळायला लागला, आणि आता ते ड्रेक्सेल विद्यापीठात विलीन झालंय. आनंदीबाईंची कागदपत्रं विद्यापीठाच्या संग्रहात जपून ठेवलीत. आम्हाला दिसली ती समोरच्या एका जुन्या निवासी शाळेची लांबच लांब दगडी भिंत. मी फुटपाथवर उभी राहून नमस्कार केला. येणारे-जाणारे बघत होते, बघू देत.

मेघानं मोबाईलवर तो प्रसिद्ध फोटो काढून पोरांना दाखवला. १८८५चा. तिघी शिकणाऱ्या मुली शेजारी शेजारी: साडीतली आनंदी, जपानच्या वेशातली केई ओकामी आणि सीरियाची सबात इस्लामबुली. मेघाला ही नावं तोंडपाठ! म्हटलं, तुला कसं गं माहीत? म्हणाली, “आई, मी इथं आले त्याच वर्षी सगळं वाचून काढलं होतं. मग बघवेना, म्हणून बंद केलं.” आणि मी समजत होते, हिला आनंदीबाईंचं काही नाही!

तिथून मार्केट स्ट्रीटनं नदीपलीकडे गेलो. एका साध्या ऑफिसच्या इमारतीसमोर तिनं सुजयला गाडी हळू करायला सांगितली. “आई, हे ते ईसीएफएमजीचं ऑफिस. आमच्यासारख्या बाहेरून शिकून आलेल्या डॉक्टरांना इथलं सर्टिफिकेट लागतं. सगळ्या परीक्षा सात वर्षांत व्हाव्या लागतात. माझी मुदत पुढच्या वर्षीच्या डिसेंबरला संपते.”

दीड वर्ष! कुणाला माहीत नव्हतं. सुजयला परीक्षा माहीत होती, तारीख माहीत नव्हती. तो तिला कधी नाही म्हणाला नव्हता, हेही खरं. पण कधी ‘बस अभ्यासाला’ असंही म्हणाला नव्हता. मला गोपाळराव आठवले. त्यांनी बायकोला शिक म्हणून इतकं ढकललं, की आज वाचताना अंगावर काटा येतो. आणि आमच्या घरात? कुणी अडवलं नाही, कुणी ढकललं नाही. सगळे चांगले होतो, आणि तिची दहा वर्षं गेली.

परतीच्या वाटेवर सुजयनं गाडी एका ठिकाणी थांबवली, कॉफी आणली आणि तिला एवढंच विचारलं, “रोज किती तास लागतील?”

पुढं काय झालं?

आम्ही परतीची तिकिटं तीन महिन्यांनी पुढं ढकलली. सकाळी नऊ ते दुपारी तीन मेघा गावातल्या लायब्ररीत आणि मी स्वयंपाकघरात. आमचे हे निहारला शाळेच्या बसपर्यंत सोडायचे. पुढं तिच्या सासूबाई येऊन राहिल्या. २०१९ मध्ये खोट्या पेशंटना तपासून दाखवायची परीक्षा तिनं फिलाडेल्फियातच दिली (ती परीक्षा आता बंद झालीय), आणि दुसरी लेखी परीक्षाही त्याच शरद ऋतूत. मुदत संपायच्या आत सर्टिफिकेट आलं.

इथं गोष्ट संपवली तर छान वाटेल, पण खरं सांगते. रेसिडेन्सीला तिनं दोनदा अर्ज केले, दोन्ही वेळा जागा मिळाली नाही. पदवी मिळून इतकी वर्षं झालेल्यांना ती अवघडच. २०२२ पासून ती एका इस्पितळात औषधांच्या संशोधनाच्या कामावर आहे. पेशंटशी बोलते, त्यांच्या तपासण्या समजावून सांगते. पांढरा कोट आहे, प्रिस्क्रिप्शन लिहायचा अधिकार नाही. कधी कधी तिला ते खुपतं. खुपणारच. ते खुपणं ती आता मला सांगते, ही माझी कमाई.

आनंदीबाईंना पदवी मिळाली, वर्षं मिळाली नाहीत. माझ्या लेकीकडे वर्षं होती, ती आम्ही सगळ्यांनी मिळून डब्यात आणि पोहण्याच्या क्लासात घालवली. त्यात माझाही हात होता.

तुमच्यातल्या कितीतरी जणींच्या लेकी पुण्याला, बंगळुरूला, परदेशी आहेत. शिकलेल्या आहेत. रविवारी फोन येतो तेव्हा आपण काय विचारतो? जेवलात का, पोरं कशी आहेत, जावयांची तब्येत बरी ना? मी आता आधी मेघाचं विचारते. तुझं काय चाललंय, कामावर काय झालं, काय वाचतेस. ते सगळं सांगून झालं की मगच नातवंडांना फोनवर बोलवायचं, असा आमचा नियमच झालाय. निहार मागून ओरडत असतो, “आज्जी, माझा नंबर कधी?”

त्याला म्हणते, “थांब रे. आधी तुझी मम्मा.”